पहिली चिमूट कोणाच्या हातची

पाटोद्याच्या एसटी स्टँडवर जामखेडची गाडी लागायला अवकाश होता. बाकावर दोघे जण शेजारी बसले होते, एकमेकांना अनोळखी. त्यातल्या धोतर नेसलेल्या आबांनी खिशातून डबी काढली, तसा शेजारच्या तरुणाने काही न बोलता तळहात पुढे केला. आबांनी आपल्या तळव्यावर तंबाखू घेतली, तिच्यातल्या काड्या एकेक करून वेचून टाकल्या, डबीच्या दुसऱ्या कप्प्यातला चुना नखाच्या टोकावर घेतला आणि अंगठ्याने मळायला लागले. हे काम घाईचं नसतं. चुना मुरला, पानाचा रंग गडद झाला, तेव्हा त्यांनी तळव्यावर दोन थापा मारल्या. बारीक भुकटी उडाली आणि पलीकडच्या बाकावरच्या बाई शिंकल्या. उरलेल्या तंबाखूचे दोन वाटे झाले, एक तरुणाच्या हातावर, एक आबांच्या ओठाखाली. ‘कोणतं गाव?’ हा प्रश्न त्यानंतर आला.

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘पहिल्यांदा’ असं आहे. सिगार पहिल्यांदा ओढणाऱ्याने ती कशी निवडावी, तिच्या दुकानात नवख्याला काय काय समजावून सांगतात, यावर लिहावं असं संपादकांनी सुचवलं होतं. विषय मला आवडला, पण महाराष्ट्रात तंबाखूशी पहिली गाठ पडते ती अशा दुकानात नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. धूर काढणारे ३.८ टक्के आणि खाणारे किंवा दाताला लावणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हींत मोडणारे. म्हणजे आपल्याकडचा नवखा माणूस बहुतेक वेळा काडी पेटवत नाही, तो हात पुढे करतो. म्हणून मी बालाघाटच्या डोंगरावर, मांजरा नदी जिथे उगम पावते त्या पाटोदा तालुक्यात गेलो आणि भेटेल त्याला एकच गोष्ट विचारत राहिलो. तुमची पहिली तंबाखू कोणती, आणि ती कुणी दिली?

टपरीवरची मांडणी

पाटोद्यात सिगार मिळत नाही. टपरीवर पुढेच गायछापच्या पुड्या असतात, शेजारी चुन्याच्या पुड्या, मागे बिड्यांची बंडलं आणि सिगारेटची पाकिटं. गायछाप संगमनेरची. मराठवाड्यात तिने इतकं घर केलंय की पुष्कळ जण तंबाखू म्हणतच नाहीत, ‘गायछाप दे’ म्हणतात. बिड्यांत एक नाव अलीकडे बदललं. पूर्वीची संभाजी बिडी, छत्रपतींचं नाव बिडीला नको या मागणीनंतर ‘साबळे बिडी’ झाली. म्हातारी माणसं अजून जुन्याच नावाने मागतात आणि टपरीवाला न बोलता नवं बंडल पुढे करतो.

मग मावा. नगर-बीड पट्ट्यातला हा प्रकार तरुणांचा. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून रगडतात आणि त्याची पुडी बांधून देतात. टपरीवाल्याचा हात पैसे घेण्यात गुंतलेला नसतो तेव्हा रगडण्यात गुंतलेला असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि दरवर्षी तिची मुदत वाढते. दर्शनी भागात गुटखा दिसत नाही. मागितला की कुठे मिळतो, हे मात्र गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

या मांडणीत नवख्यासाठी काहीच नाही, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात येतं. सौम्य कोणती, कडक कोणती, आधी काय घ्यावं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. टपरीवर येणारा माणूस सवय जडल्यावरच येतो, किंवा सवय जडलेल्या कुणाच्या तरी निरोपावर येतो. मी उभा होतो तेवढ्यात आठ-नऊ वर्षांचं पोरगं आलं. मूठ उघडून नाणी ठेवली आणि ‘आज्याची’ एवढंच म्हणालं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा आहे आणि टपरीला तशी पाटीही आहे. टपरीवाला ओशाळला. ‘त्याच्या आज्याला गुडघ्यामुळं चालवत न्हाई,’ तो मला म्हणाला. पुडी पोराच्या मुठीत गेली होती.

सिगारवाल्यांचं शास्त्र

आता सिगारचं. तिच्या दुकानात नवख्याला जे सांगतात त्यात अर्थ आहे, आणि त्याचा पाटोद्याशी जवळचा संबंध आहे.

सिगारला तीन थर असतात. आतलं भरण, ते बांधून ठेवणारं पान आणि वरचं गुळगुळीत, निवडक पान. नवख्याला फिकट वरच्या पानाची, सौम्य, लहान आकाराची सिगार द्यावी असा रिवाज आहे. जेवून मग ओढावी, सोबत काही गोड असावं, एका झुरक्यानंतर दुसरा सावकाश घ्यावा, डोकं हलकं व्हायला लागलं की खाली ठेवून द्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा.

छातीत न घेताही ती चढते कशी? सिगारेटच्या तंबाखूला भट्टीत ऊब देऊन वाळवतात. तिचा धूर आम्लधर्मी असतो आणि त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला धूर फुप्फुसात न्यावा लागतो. सिगारचं पान हवेवर वाळवलेलं आणि मुरवलेलं असतं. तिचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी झालेलं निकोटिन गालाच्या आतल्या मऊ कातडीतून सरळ रक्तात उतरतं.

एसटी स्टँडवरच्या आबांच्या नखावरचा चुना हेच काम करतो. चुना अल्कधर्मी. तो पानात मुरला की निकोटिन मोकळं होतं आणि ओठामागच्या कातडीतून आत जातं. नुसतं पान तोंडात धरलं तर तेवढं होत नाही. हे रसायन कुणी शिकवलं नसताना इथल्या माणसांनी हाताला ओळखायला शिकवलं. चुना किती, किती वेळ मळायचा, थाप कधी मारायची, हे सगळं त्या हिशेबात बसतं. क्युबातला सिगार ओढणारा आणि पाटोद्यातला बार भरणारा, दोघे एकाच वाटेने निकोटिन घेतात. फरक एवढाच की तिथे नवख्याला हात धरून सावकाश नेण्याची पद्धत पडली. इथे पहिल्या चिमटीलाही चुना पुरता असतो.

तंबाखू इथे आली ती पोर्तुगीजांबरोबर, आणि ती आधी दख्खनची झाली, मग उत्तरेची. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीत आला, त्याने तंबाखू इथेच पाहिली आणि नळीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली. दरबारच्या हकिमांनी तेव्हाच नको म्हटलं होतं. बादशहाची पहिली तंबाखूसुद्धा दुसऱ्याने हातात आणून दिलेली होती.

‘लागली’

पहिल्या तंबाखूबद्दल विचारलं की माणसं हसतात. सगळ्यांच्या कहाणीत तोच एक शब्द येतो, ‘लागली’.

‘दाढ दुखत व्हती,’ पारावर बसलेले साठीतले एक गृहस्थ सांगू लागले. ‘सहावीत असंन मी. आजा म्हणला, धर ही दाढंखाली, थुकत जा, गिळू नको. मी गिळली थोडी. मंग काय, बांध फिरायला लागला! घाम फुटला, उचकी लागली, वकलो. आईनं गूळ-पाणी दिलं अन् आज्याला शिव्या. आजा हसत व्हता. म्हणला, व्हईल सवय.’

दुसऱ्याला चुलत्याने दिली, पोट साफ होतं म्हणून. तिसऱ्याला बैल राखताना मोठ्या पोरांनी दिली, झोप लागू नये म्हणून. चौथा म्हणाला, बापाला रोज मळून द्यायचं काम त्याचंच होतं. मळता मळता हाताला वास राहायचा, मग एक दिवस बोट तोंडात गेलं. बाप मागे उभा होता. त्याने मारलं नाही, काही बोललाही नाही.

भोवळ, घाम, उचकी, ओकारी ही निकोटिनच्या विषाची लक्षणं आहेत. शरीर नको म्हणत असतं. पण भोवतालची माणसं हसतात, गूळ देतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि ती नको म्हणण्याची घटका एक गमतीचा किस्सा होऊन जाते. पुढच्या वेळी थोडं कमी लागतं. नंतर लागायचं थांबतं आणि तलफ सुरू होते. पुडी कोणती, चुना किती, खालच्या ओठात ठेवायची की गालात, ही निवड तेव्हा येते, आणि मग माणूस तिच्याशी आयुष्यभर इमान राखतो.

मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानेही पहिली तंबाखू विकत घेतलेली नव्हती. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या जबड्याचं चित्र छापावं लागतं. ते चित्र पुडी विकत घेणाऱ्याला दिसतं. घरी गेल्यावर पुडी डबीत रिकामी होते आणि चित्राचा कागद चुलीत जातो. नवख्याच्या डोळ्यांसमोर येतो तो आज्याचा तळहात. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको, हा नियमही दुकानदाराला बांधतो. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्या कुणालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असं २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम म्हणतं, पण दाढ दुखते म्हणून नातवाला चिमूट देणाऱ्या आज्यावर फिर्याद कोण देणार? तो नातवाचं वाईट चिंतत नव्हता. त्याच्याजवळ असलेलं औषध त्याने दिलं.

तव्यावरची मिसरी

बायकांची वाट निराळी. चारचौघांत डबी उघडणं त्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांची तंबाखू घरात तयार होते.

तालुक्यातल्या एका वाडीवर एका मावशींनी मला मिसरी भाजताना बसू दिलं. सकाळच्या भाकरी उरकल्या होत्या, तवा चुलीवरच होता. विस्तव मागे ओढून त्यांनी तव्यावर तंबाखू पसरली आणि उलथन्याने फिरवत राहिल्या. आधी नुसता पाल्याचा वास आला, मग धूर निघाला आणि घशाला झोंबला. मी दारात आलो, मावशी तशाच बसून राहिल्या. पदर नाकावर, डोळ्यांतून पाणी. पान काळं पडून चुरचुरायला लागलं तसा तवा उतरवला, निवल्यावर हातानेच चुरून फडक्यातून गाळली आणि पत्र्याच्या डबीत भरली. पाळण्यात त्यांची नात झोपली होती, चुलीपासून चार हातांवर. तिनेही तो धूर घेतला होता.

‘लगीन होऊन आले तव्हा सासू लावायची,’ मावशी म्हणाल्या. ‘मला म्हणली, लाव गं, दात पक्के ऱ्हातेत. पहिल्या बाळंतपणात तर रोजच लावायला लागले. आता सकाळी मिसरी लावल्याबगर परसाकडं होत न्हाई की काम सुचत न्हाई.’ दात दाखवायला त्या हसल्या. हिरड्या काळ्या पडून मागे सरलेल्या, पुढचे दोन दात हलत होते. दिवसातून किती वेळा लावता, विचारलं तर म्हणाल्या, ‘मोजत न्हाई कुणी.’

सुनेने लावायची नाही, असं मात्र त्यांनी बजावलंय. सून दहावी झालेली आहे आणि ब्रश वापरते. मावशींच्या घरातली मिसरी त्यांच्यापाशी थांबेल असं मला वाटलं, आणि ते पाहून बरं वाटलं.

या पानाचा पुढचा-मागचा प्रवासही बायकांच्याच हातून होतो. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटायची, चाळायची ती बायकांनी. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये लघुपट केला. त्याच्या आदल्याच वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला होता आणि ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. हे पीकही कष्टकऱ्यांच्याच जिवावर उभं आहे.

फडातली भूक

पाटोदा तालुक्यात तंबाखूचा विषय ऊसतोडीशिवाय पुरा होत नाही. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. पावसाळ्यात मुकादम उचल वाटतो, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्यावर चालतो, माणसावर चालत नाही.

फडात तंबाखू हत्यारासारखीच लागते, असं तोडीला जाणारे सांगतात. पहाटे अंधारात उठायचं, थंडीत दवाने भिजलेल्या उसात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी आली की डोक्यावरून भरायच्या. गाडी रात्री अकराला आली तर अकराला. भाकरीला वेळ ठरलेला नसतो. ‘उसात भूक लागली तर भाकर कुठून काढावी? मिसरी लावली की भूक मरती,’ पंधरा हंगाम केलेली एक बाई म्हणाली. निकोटिन भूक दाबतं, हे खरंच आहे. दाढ दुखली तर मिसरी, झोप आली तर मिसरी, थंडी वाजली तरी मिसरी. फडावरच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, दवाखाना लांब, आणि खाडा केला की पैसे कापले जातात.

तिथे पोरंही असतात. आई-बापामागे गेलेलं बारा-तेरा वर्षांचं पोरगं उसाचे वाढे गोळा करतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं, आणि बरोबरीच्या गड्यांत बसायला लागलं की त्याच्या हातावरही वाटा येतो. टोळीत कुणी एकट्याने तंबाखू खात नाही. मळली की वाटायची, आणि दिलेली नाकारायची नाही. नाकारणारा फटकून वागणारा ठरतो. ऊस एकमेकांच्या भरवशावर तोडायचा असतो, तिथे फटकून राहणं परवडत नाही. हा आपलेपणा खरा आहे, आणि तोच नवख्याला अडकवतो. याला तोड काय, हे मला तिथे बसून सुचलं नाही. एका तरुणाने मात्र आपल्यापुरती काढली होती. गेल्या हंगामात तो खिशात बडीशेपेची पुडी ठेवायचा आणि वाटणी झाली की आपणही हातावर काहीतरी घ्यायचा. ‘हात मागं घेतला न्हाई, बस्स,’ तो म्हणाला.

तीन बोटं

तालुक्यात दातांची तपासणी करणाऱ्या एका डॉक्टरांनी मला सोपी चाचणी दाखवली. आपल्याच हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी करायची आणि तोंडात घालायची. गेली तर तोंड नीट उघडतं. दोनच जात असतील तर दाखवून घ्यायचं. मावा आणि गुटखा खाणाऱ्यांत गालाची आतली कातडी ताठ होत जाते, आणि त्याला तंबाखूइतकीच, खरं तर तंबाखूहून जास्त, सुपारी जबाबदार असते. भाकरीचा तुकडा मोडून बारीक करावा लागतो, तिखट सोसत नाही. विशी-पंचविशीची पोरं या तक्रारी घेऊन येतात. ताठ झालेली कातडी पूर्ववत मऊ होत नाही, मावा सोडला तर निदान पुढचं बिघडणं मंदावतं.

तंबाखू-चुना खाणाऱ्यांत डॉक्टर आधी एकच जागा बघतात, चिमूट ठेवायची जागा. प्रत्येकाची ती ठरलेली असते, बहुतेकांची खालच्या ओठाच्या आत. तिथली कातडी पांढरट, सुरकुतलेली दिसते. हा चट्टा सुरुवातीला दुखत नाही. ‘दुखला असता तर लवकर आले असते,’ डॉक्टर म्हणाले. न भरणारी जखम, घट्ट गाठ किंवा लाल चट्टा दिसला की ते पुढे पाठवतात.

पुढे म्हणजे पुष्कळदा बार्शी. शेजारच्या भूम तालुक्याला लागून परंडा, त्यापलीकडे बार्शी. या तिन्ही तालुक्यांत १९८७ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिची रीत मला फार मोलाची वाटते. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता कार्यकर्ते गावोगाव जातात, पारावर बसतात, कुणाला तोंडात जखम आहे का, गाठ आहे का, विचारतात आणि दाखवायला घेऊन येतात. तंबाखूही अशीच पारावर, माणसाकडून माणसाकडे जाते. तिच्या मागावर जायचं तर त्याच वाटेने जायला हवं.

सोडणाऱ्यांना सरकारची १८००-११२-३५६ ही फुकट मदतवाहिनी आहे, तिथे फोनवर समुपदेशन मिळतं. पहिले काही दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. ते दिवस निभावले की तलफ येते ती थोड्या वेळासाठी, आणि तेवढा वेळ तोंडात लवंग, ओवा, बडीशेप धरून काढता येतो. वीस वर्षांची तंबाखू सोडलेले एक ड्रायव्हर म्हणाले, सगळ्यात अवघड वेळ जेवणानंतरची. ते आता जेवले की लगेच दात घासतात.

यादीतली पुडी

टोळी निघण्याआधी सहा महिन्यांचा किराणा भरला जातो. बाजरी, ज्वारी, तेल, चहापत्ती, तिखट, काडीपेटी. एका घरी ती यादी मला वाचायला मिळाली. नववीतल्या मुलीने वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिली होती. साखरेच्या खाली गायछाप, तिच्या खाली चुना, मग कपड्याचा साबण. तिने बापाला विचारून जितक्या पुड्या लिहिल्या होत्या तितक्या त्याला दोन महिनेही पुरल्या नसत्या. मी तसं म्हटलं, तर बाप म्हणाला, ‘बाकीची तिकडं मिळती.’

ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि टोळ्या निघण्याआधी नि परतल्यावर आरोग्य तपासणीचा विषय सरकारी कागदावर आला. त्या तपासणीत तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. बायकांचंही बघावं, गड्यांचंही, आणि बरोबर निघालेल्या पोरांचं सगळ्यात आधी. पोराला तिथेच सांगता येईल की दाढ दुखली तर काय करायचं, आणि गोळीचं पाकीट हातात देता येईल. दाढेची गोळी जवळ असती तर पारावरच्या त्या गृहस्थांना सहावीत पहिली चिमूट घ्यावी लागली नसती.

हे मी एका मुकादमाशी बोललो. किती कोयते, कुणाला किती उचल, कोण कोणत्या गाडीत, हे सगळं त्याच्या वहीत असतं. इतकी नेमकी यादी दुसऱ्या कुणाकडे नाही. तो स्वतः तंबाखू खातो, बोलताना मळतच होता. ऐकून घेतलं, अर्धा वाटा माझ्यापुढे धरला, मी नको म्हटल्यावर सगळी आपल्या ओठात ठेवली.

‘आणा की डॉक्टरला,’ तो म्हणाला. ‘शाळंच्या पटांगणात सगळी टोळी उभी करतो, लेकरांसकट. माझंबी तोंड बघा. पण लक्ष्मीपूजनाच्या आत या. पाडव्याला गाड्या निघत्यात.’